सोवळ्यातल्या कोंबड्या

आमच्या घरी कोंबड्या आल्या त्या दिवशी आबाजी भरल्या पानावरून उठले. आबाजी म्हणजे माझे आजोबा, अमरावतीतले जुने भिक्षुक. सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत सगळं करायचे आणि आपल्या पोटाशी त्यांनी जन्मात कधी दगाबाजी केली नव्हती. त्यामुळे ते पानावरून उठले म्हणजे प्रकरण गंभीर होतं. ते देवघरात जाऊन बसले ते थेट दिवेलागणीपर्यंत. शेवटी आईनं युक्ती केली आणि बेसनाच्या पातोड्यांच्या रश्श्याला फोडणी दिली. लसणाचा तो वास देवघराच्या दारापर्यंत पोचला तसे आबाजी बाहेर आले, दोन वाट्या रस्सा शांतपणे संपवला आणि माझ्या वडलांना म्हणाले, "अंडं खानं पाप हाय. कोंबडं कापनं पाप हाय. पन पाळनं पाप हाय असं कोठी लिवलेलं मले काही सापडलं नाई. दिवसभर पोथ्या पाह्यल्या मी." मग मिशीवरचा रस्सा पुसत म्हणाले, "आता लोकाइले पोथ्या कोन दाखवन, ते तू पाय."

वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते सरकारी गुरांच्या दवाखान्यात होते. भिक्षुकाचा एकुलता एक मुलगा ढोरडॉक्टर झाला याचं दुःख आबाजींनी कधीच पचवलं होतं, कारण यजमानांच्या गाई-म्हशी अडल्या की तेच लोक आधी अण्णांकडे धावत येत आणि नंतर शांतीसाठी आबाजींकडे. एकाच म्हशीवर घरात दोन मिळकती. बैलाच्या खांद्याला आलेली सूज, शिंगाला लागलेली कीड, असल्या गोष्टींत अण्णा दिवसभर बुडालेले असत. पण जीव खरा कशात होता म्हणाल, तर मेलेल्या कोंबड्यांच्या आतड्यांत. आता हे छापून येणार असेल तर लोक म्हणतील, म्हातारीनं बापाची शोभा केली. पण काय करणार, होता खरा. दवाखान्यातला शिपाई रहीमखान, आम्ही त्याला रहीमचाचा म्हणायचो, तो कुणाची कोंबडी रोगानं मेली की अण्णांसाठी आठवणीनं घेऊन यायचा. अण्णा ती चिरून पाहायचे. त्यातले लांबोळके पांढरे जंत पाहून ते एकदा जेवताना उत्साहानं म्हणाले, "अगदी शेवयांसारखे हो!" त्यानंतर वर्षभर आमच्या घरात शेवयांची खीर शिजली नाही.

तर ही आतडी पाहता पाहता अण्णांच्या डोक्यात एक गोष्ट आली होती. उकिरड्यावर वाढलेल्या गावठी कोंबडीच्या पोटात जंत थोडे असतात आणि असतात तेही खुरटलेले. उलट साहेबलोकांच्या बंगल्यांत निगुतीनं वाढवलेली कोंबडी एकदा बाहेरची माती चोचीनं टिपली की जंतांनी गच्च भरून जाते. अण्णांचं म्हणणं असं की लहानपणी ज्यानं थोडे थोडे जंत सोसले, त्याच्या आतड्याला त्यांची ओळख होते. पुढे जंत आले तरी ते आतडं त्यांना थारा देत नाही. देवीची लस टोचल्यावर देवी येत नाहीत, तसंच काहीसं. मागे त्या करोनाच्या दिवसांत टीव्हीवर उठल्या-बसल्या 'प्रतिकारशक्ती, प्रतिकारशक्ती' चाललं होतं, तेव्हा नव्वदीला टेकलेली मी एकटीच खाटेवर बसून हसत होते. नातसुनेला वाटलं, आजीच्या डोक्यावर परिणाम झाला. तिला काय सांगू, हा शब्द कानावर यायच्या कितीतरी आधी आमच्या परसात ही शक्ती खुराड्यात कोंडून ठेवली होती.

अण्णांचं हे म्हणणं त्यांच्या वरच्या साहेबांना मुळीच मान्य नव्हतं. साहेब होते पुण्याचे, नेमणूक नागपूरला. डोक्यावर पगडी नव्हती, पण बोलण्यातून ती दिसायची. एकदा दवाखाना तपासायला आले असता अण्णांनी त्यांच्यापुढे हा विषय काढला. साहेब म्हणाले, "देवी म्हणजे देवी आणि जंत म्हणजे जंत. पोटातल्या किड्याची ओळख ठेवायला आतडं म्हणजे काय पोस्टमन आहे?" आणि जाता जाता सांगून गेले, की तुमची बदली मेळघाटात धारणीला होणार आहे, हुकूम जवळजवळ तयारच आहे. अण्णांनी हात जोडून एकच मागणं केलं. म्हणाले, मला प्रयोग करून दाखवू द्या. साहेब हट्टी होते, पण हट्टी माणसाला दुसऱ्याचा हट्टही कळतो. ते म्हणाले, "दिवाळीनंतर येईन. दाखवलंत तर अमरावतीतच राहा आणि हेच काम करा. नाही दाखवलंत तर धारणी."

ही धारणी खरी माझ्या मुळावर येणार होती. मी तेव्हा मुलींच्या हायस्कुलात जात होते. धारणीला शाळा नव्हती, वाघ होते. म्हणून असं ठरलं होतं की अण्णा धारणीला गेले तर मला अकोल्याला मामांकडे ठेवायचं. मामा शाळेचे नव्हेत, लग्नाचे भोक्ते. सरकीच्या व्यापारातला एक बिजवर त्यांनी माझ्यासाठी हेरूनही ठेवला होता. त्याचे दात पुढे होते आणि तो बंबाएवढा जाड होता, असं मामेबहिणीनं मला परस्पर सांगितलं होतं. आईला यावर काय वाटतं ते कळायला मार्ग नव्हता. माझ्या पुस्तकांकडे पाहून ती एवढंच म्हणायची, "शिकून काय तहसीलदारीन होनार हायेस? पिठाची परात इकडे दे." म्हणजे माझं सगळं भवितव्य कोंबड्यांच्या पोटावर येऊन पडलं. सोप्यात सांगायचं तर, कोंबड्यांना जंत झाले तर मी शाळेत, नाही झाले तर मी बोहल्यावर.

अण्णांनी एका माळीणबाईकडून एकाच कोंबडीची पिल्लं आणली होती आणि त्यांचे दोन भाग केले होते. एक भाग मागच्या ओट्यावर, खाली तारेची जाळी लावलेल्या उंच पिंजऱ्यात. त्यांना शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, उकळून गार केलेलं पाणी. घाण जाळीतून खाली पडायची, चोचीला लागायची नाही. दुसरा भाग गोठ्यापलीकडे उकिरड्यावर मोकळा सोडलेला. आईनं पहिल्याच दिवशी त्यांना नावं दिली, सोवळ्या आणि ओवळ्या. "सोवळ्याइले कण्या टाकल्या का?" असं ती स्वयंपाकघरातून ओरडायची, तेव्हा बाहेर बसलेला एखादा यजमान घरात सोवळ्यातल्या बायका जेवायला आल्या आहेत असं समजून पंचा सावरायचा.

पिल्लं मोठी झाल्यावर अण्णांनी कुंपण घालून जमिनीवर दोन वाडगी केली. सोवळ्यांचं वाडगं विहीर आणि स्वयंपाकघराचं दार यांच्या मधोमध, म्हणजे खिडकीतून नजर ठेवता येईल. ओवळ्यांचं गोठ्यापलीकडे. जिथल्या कोंबड्या जंतांनी मेल्या होत्या तिथली माती डब्यांतून आणून त्यांनी दोन्ही वाडग्यांत सारखी पसरली. पिंजऱ्यातल्या सोवळ्या आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवर उतरल्या आणि माहेरवाशिणी अंगणात येतात तशा डौलात फिरू लागल्या. अण्णा हात झटकून म्हणाले, "आता सोवळ्यांना जंत होतील, ओवळ्यांना होणार नाहीत. आता फक्त थांबायचं."

थांबायचं म्हणजे काय ते आमच्या घराला विचारा. सगळं घर जंतांची वाट पाहत होतं. मी शाळेतून येताना अंबादेवीच्या देवळात शिरायचे आणि डोळे घट्ट मिटून म्हणायचे, "बाई, आमच्या कोंबड्यांच्या पोटात भरपूर जंत होऊ दे, तुझी खणानारळानं ओटी भरीन." एकदा हे मी जरा मोठ्यानं बोलले असणार, कारण शेजारी उभ्या असलेल्या बाई दोन पावलं सरकल्या. पण कमाल केली ती आबाजींनी. मी त्यांना रोज पूजा सांगताना ऐकत आले होते; संकल्पात धनधान्य, पुत्रपौत्र, आरोग्य सगळं यायचं. एक दिवस कान देऊन ऐकते तर घंटा वाजवत म्हणताहेत, "कुक्कुटीनाम् उदरे कृमिवृद्ध्यर्थम्!" मी हसून लोळायची बाकी राहिले. आबाजी डोळे न उघडता म्हणाले, "हास मा, हास. देवाले मी आजवर लई चांगलं चांगलं मांगलं. जंत पह्यल्यांदाच मांगून राह्यलो. तोई इचारात पडला असन."

त्या दिवसांची आठवण आली की मला आधी आवाज आठवतात. पहाटे कापसाच्या जिनिंग गिरणीचा भोंगा व्हायचा, मागोमाग आईच्या खराट्याचा आवाज सुरू व्हायचा, खर्र, खर्र. मग बादलीतल्या शेणपाण्याचा सडा, मग रहाटाची कुरकुर, मग आबाजींची स्तोत्रं आणि या सगळ्यांवर कोंबड्यांचा कलकलाट. न्याहारीला रात्रीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. अण्णा खिडकीशी उभे राहून भाकरी खात आणि सोवळ्यांकडे प्रेमानं पाहत. "तुकतुकीत दिसतात," ते म्हणत आणि जरा चिंतेत पडत, कारण एव्हाना त्यांची पिसं विस्कटायला हवी होती.

दिवाळी झाली. कापसानं भरलेल्या बैलबंड्या रस्त्यानं धावू लागल्या आणि एका सकाळी साहेब आले. आबाजी खांद्यावर उपरणं टाकून देवळात निघून गेले. गोठ्यात टेबल मांडलं होतं. रहीमचाचानं कोंबड्या कापायचं काम आडोशाला उरकलं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे आई दाराआड उभी राहिली आणि मी दारात. अण्णांनी आधी ओवळी चिरली. आतड्यात थोडेसे खुरटे जंत निघाले. अण्णांचा चेहरा उजळला. साहेब "हं" म्हणाले. मग सोवळी घेतली. अण्णांनी आतडं उभं कापलं, पाण्यात धुतलं, भिंग लावलं. पुन्हा धुतलं. दुसरी सोवळी घेतली. तिसरी. रहीमचाचा वाकून म्हणाला, "साब, इसमें तो कुछ बी नहीं. एकदम साफ. हमारी ईद की बकरी भी इतनी साफ नहीं रहती."

साहेबांनी स्वतः भिंगातून पाहिलं आणि ते खाली ठेवलं. म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं उलटंच ठरलं. ज्यांनी लहानपणी जंत पाहिले नाहीत त्यांना आत्ताही नाहीत. ज्यांनी पाहिले, त्यांना आहेत." बैलाच्या लाथा खाऊनही हसणारा माझा बाप त्या दिवशी टेबलाला धरून उभा होता. मला अकोल्याचे ते पुढे आलेले दात डोळ्यांपुढे दिसू लागले. खरं सांगते, मला रडू फुटलं. साहेब सोवळ्यांच्या वाडग्यापाशी गेले आणि सहज म्हणाले, "ती माती कुठे आहे? तुम्ही पसरली होती म्हणालात ती?"

आम्ही सगळ्यांनी वाडग्याकडे पाहिलं. आणि त्या क्षणापर्यंत रोज पाहत असून कुणालाच न दिसलेली गोष्ट सगळ्यांना एकदम दिसली. वाडग्यातली जमीन आरशासारखी सारवलेली होती. कोपऱ्यात चार बोटांची रांगोळीही होती.

दाराआडून आईचा आवाज आला. ती परपुरुषाशी बोलत नसे, म्हणून मला म्हणाली, "सांग त्याइले, माती मी रोजच झाडतो न. दाराशी घान ठेवतात का कोनी? राख टाकून खराट्यानं वढतो आन् सारवतो." आमच्याकडे बायकाही 'मी झाडतो, मी सारवतो' असंच बोलतात. त्यामुळे साहेब क्षणभर आत कोण पुरुष उभा आहे ते शोधू लागले. मग त्यांनी विचारलं, "आणि ती झाडलेली घाण कुठे टाकतात?" आई म्हणाली, "सांग, गोठ्यापल्याड टाकतो. ओवळ्याइकडे. त्या तशाबी ओवळ्याच."

अण्णा मटकन बाजेवर बसले. इतक्या दिवसांत त्यांनी दाणे मोजले, पाणी मोजलं, कोंबड्या तोलल्या. पण सडा-सारवण हे श्वासासारखं, ते कोण मोजतो? भटाच्या घरात सूर्य उगवायच्या आधी सारवण होणारच. गोठ्यापर्यंत आईची हद्द, त्यापलीकडचं जग गेलं उडत. ते तिच्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "अगं, तू माझा प्रयोग झाडून टाकलास." आणि मग काय झालं कोण जाणे, एकदम उठून उभे राहिले. डोळे चमकत होते. "साहेब! म्हणजे ओवळ्यांना दोन्ही वाडग्यांची घाण मिळाली. दुप्पट जंत गिळले त्यांनी. आणि तरी पोटात एवढेसेच!" साहेबांनी बराच वेळ मिशीला पीळ भरला. म्हणाले, "मुद्दा आहे. पण सोवळ्यांना जंत झाल्याशिवाय तो सिद्ध होत नाही. फाल्गुनात पुन्हा येईन. तोवर हुकूम अडवून धरतो. मात्र त्या खराट्याला आवरा."

साहेब गेल्यावर अण्णा आईला काही बोलले नाहीत. बोलायला त्यांना धीरच होत नव्हता. सवाष्ण बाईला 'दारासमोर सारवू नकोस' म्हणायचं म्हणजे कुंकू लावू नकोस म्हणण्यासारखंच. आबाजी देवळातून आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "आता यात देव तरी काय करन? तो जंत देऊन राह्यला होता, इकडे सूनबाई झाडून राह्यली होती." आईनं कुणाकडे न पाहता चूल फुंकली. मग म्हणाली, "माती आना पुन्हा. मी नाई झाडत."

तिनं झाडलं नाही. त्या हिवाळ्यात काय हाल झाले तिचे! पहाटे खराटा घेऊन निघायची, विहिरीपाशी येऊन थबकायची, हात पाठीमागं बांधायची आणि तोंड फिरवून उरलेलं अंगण झाडायची. वाडग्यातली घाण वाढत चालली, वास स्वयंपाकघरात येऊ लागला. आईचं जेवण अर्ध्यावर आलं. मी खरकटी भांडीसुद्धा न सांगता घासायला लागले, इतकी मला तिची दया यायची. मग आली संक्रांत. हळदीकुंकवाला बायका आल्या, परसाकडे नजर गेली आणि सगळ्यांचे पदर नाकाला. एक तोंडाळ काकू म्हणाल्याच, "काहून वो, भटजीच्या घरी असं? बिमार होत्या का?" मी मनात म्हटलं, संपलं. आई तिळगुळाची वाटी पुढे करत शांतपणे म्हणाली, "वरत हाय माहं. येवढी जागा सारवाची नाई, असं वरत." आणि एकदम चौकशा सुरू झाल्या. देव कोणता? कहाणी काय? उपास धरायचा की एकभुक्त राहायचं? उद्यापनाला किती सवाष्णी? आई म्हणाली, "फाल्गुनात उद्यापन हाय. फळ भेटलं तर सांगीन." दोन बायका तर 'आम्हालाही हे व्रत धरायचं आहे' म्हणून मागे लागल्या. त्यांच्या परसाचं पुढे काय झालं ते मी मुद्दामच विचारलं नाही.

साहेब आले ते होळीच्या थोडं आधी. सोवळ्यांची पिसं विस्कटली होती, तुरे फिके पडले होते, चालही लटपटत होती. आजारी लेकरांकडे पाहून कुणाला आनंद झाला नसेल तेवढा आम्हाला त्यांच्याकडे पाहून व्हायचा. आबाजी या वेळी देवळात गेले नाहीत. जीवहत्या दृष्टीस पडू नये म्हणून गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून माळ ओढत बसले. आधी ओवळ्या झाल्या. पुन्हा तेच, चिमूटभर आणि खुरटे. अण्णांनी सोवळी घेतली. आतड्याला कात्री लावली मात्र, रहीमचाचा ओरडला, "या अल्ला! शेवया!"

"झाले का?" भिंतीकडे तोंड केलेले आबाजी ओरडले.

"झाले, आबाजी, झाले!"

"किती?"

"गच्च!"

"नारायण, नारायण," आबाजी म्हणाले आणि माळ डोळ्यांना लावली. एवढ्या भक्तीनं देवाचं नाव घेताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

साहेबांनी स्वतः भिंग घेऊन एकेक आतडं पाहिलं. ओवळ्यांच्या जंतांशेजारी सोवळ्यांचे जंत ठेवून लांबी पाहिली. मग हात धुतले, कोपरापर्यंत, पुणेरी पद्धतीनं, आणि म्हणाले, "मान्य. आतड्याला ओळख राहते. बदलीचा हुकूम परत घेतो, काम पुढे चालू ठेवा." मग दाराकडे तोंड करून, दाराआडच्या माणसाशी बोलावं तसं, जरा अदबीनं म्हणाले, "बाईंना सांगा, आता सारवायला हरकत नाही."

मला वाटलं आई आता खराट्याकडे धावेल. ती बाहेर आली. पदर डोक्यावरून पुढे ओढला होता, पण सरळ साहेबांच्या समोर येऊन उभी राहिली. मला मध्ये न घालता, 'सांग त्याइले' न म्हणता ती परक्या पुरुषाशी बोलली, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"सारवाचं मंग पाहीन मी," ती म्हणाली. "तुमचं हुकूम-फिकूम मले समजत नाई. आंदी सरळ शब्दात सांगा. पोरगी शाळेत राह्यते का नाई?"

साहेब गोंधळले. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाठ केलेला धडा म्हणावा तसे म्हणाले, "राहते, बाई. राहते."

"मंग ठीक हाय," आई म्हणाली. वळली, स्वयंपाकघरात गेली आणि चुलीपुढे बसून रडायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन बसले तर म्हणाली, "धूर हाय." चूल पेटलेली नव्हती. मी तिच्या गळ्यात पडले आणि ती मला दूर ढकलायची विसरली. गोठ्यातून आवाज येत होता. अण्णा एकेक जंत बशीत टाकून मोजत होते, आबाजी भिंतीकडे तोंड करून चुकलेला आकडा दुरुस्त करत होते.